निर्लेखन

लखनौला निघताना माझ्या पिशवीत दोन कागद होते. एक म्हणजे विधी ग्रंथपालांच्या अधिवेशनात वाचावयाचा निबंध, आणि दुसरा म्हणजे निर्लेखनाची यादी. निबंध आठ पानांचा होता, यादी अकरा पानांची. निबंध मी रात्री जागून लिहिला होता. यादी माझ्या सहायकाने संगणकावर अर्ध्या तासात काढून दिली होती आणि तिच्यावर फक्त माझी सही व्हायची राहिली होती.

‘निर्लेखन’ हा शब्द आमच्या व्यवसायाबाहेर फारसा कोणी वापरीत नाही. दाखलनोंदवहीत एकदा क्रमांक मिळालेले पुस्तक जीर्ण झाले, हरवले किंवा निरुपयोगी ठरले, की त्याच्या नोंदीवर तांबडी रेघ ओढायची, समितीच्या सह्या घ्यायच्या आणि पुस्तक वजनावर रद्दीत द्यायचे. या सगळ्या क्रियेचे हे सभ्य नाव. वऱ्हाडातल्या ज्या लहानशा विधी महाविद्यालयात माझी नोकरी झाली, तिथे मी आजवर अशा कित्येक याद्यांवर सह्या केल्या आहेत. रद्द झालेल्या कायद्यांची पुस्तके, मागच्या आवृत्त्या, उंदरांनी कुरतडलेली मार्गदर्शके. हात कधी अडखळला नाही. ग्रंथालय हे संग्रहालय नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आणि मला ते पटतही होते.

या वेळच्या यादीत मात्र जुन्या न्यायनिर्णयांचे २१४ बांधीव खंड होते, आणि ते मीच ग्रंथालयात आणले होते.

त्याचे असे झाले. माझे वडील बुलढाण्याला एका नामांकित वकिलांकडे कारकून होते. नागपूरहून ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चे, म्हणजे ए. आय. आर.चे, अंक टपालाने येत. ते उघडणे, अनुक्रम लावणे आणि वर्ष संपले की विभागवार खंड बांधून घेणे हे बापूंचे काम. चितळ्यांनी नागपुरात बसून साऱ्या हिंदुस्थानातल्या उच्च न्यायालयांचे निर्णय एका सूत्रात ओवले, याचा बापूंना असा अभिमान वाटे की जणू त्या छापखान्यातली एखादी खिळ्यांची पेटी त्यांच्या मालकीची असावी. जुन्या खंडांची डागडुजी ते घरी आणून करीत. मैद्याची खळ शिजवायची, कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचे, आणि सुटलेली पाने एकेक करून बसवायची. खळीचा तो वास माझ्या बाळपणाचा वास आहे.

त्या खंडांच्या पाठींवर सोनेरी इंग्रजी अक्षरांत प्रांतांची नावे असत. लाहोर, रंगून, सिंध, पेशावर. भूगोलाच्या पुस्तकातला देश निराळा आणि कपाटातला देश निराळा, हे मला फार लवकर कळले. त्यांतच एक नाव होते ते मी ‘औध’ असे वाचीत असे आणि बापू ते सुधारून ‘औंध’ असे म्हणत. साताऱ्याकडच्या पंतप्रतिनिधींच्या औंध संस्थानात एवढे मोठे न्यायालय होते आणि त्याच्या निर्णयांचे इतके खंड निघाले, याचे आम्हां बापलेकांना कौतुक होते. पुढे मी महाविद्यालयात गेल्यावर उलगडा झाला, की हे औंध नव्हे, अवध. ज्याला आपल्याकडची जुनी माणसे ‘अयोध्येच्या नबाबाचा मुलूख’ म्हणत तो. बापूंना हे सांगितले तेव्हा ते जरासे खट्टू झाले. ‘असेल,’ म्हणाले, ‘पण बांधायला दोन्ही सारखेच.’

वकीलसाहेब १९९४ साली वारले. मुले मुंबईला होती, घर विकायचे ठरले. मी नुकताच ग्रंथपाल झालो होतो. बाईसाहेबांना भेटून ते खंड मी महाविद्यालयासाठी मागून घेतले. ‘जपाल ना?’ एवढेच त्यांनी विचारले, आणि मी ‘हो’ म्हटले. टेंपोत खंड चढविताना बापू शेजारी उभे राहून मोजत होते. आज त्यांचे वय नव्वदीला टेकले आहे. दृष्टी गेली आहे, पण मी घरी गेलो की ते अजून विचारतात, ‘आपले खंड बरे आहेत ना?’

या वर्षी जागेची अडचण झाली. संगणककक्ष वाढवायचा आहे, तपासणी समिती येणार आहे आणि जुने सगळे निर्णय पडद्यावर क्षणात मिळतात. यातले एकही कारण खोटे नाही. मी स्वतः सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे. सही करून टाकावी म्हणून ती यादी बरोबर घेतली होती. गाडीत दोनदा बाहेर काढली आणि दोनदा आत ठेवली. २१४ पैकी २९ खंडांपुढे ‘अवध विभाग’ असे लिहिलेले होते, आणि मी अवधलाच चाललो होतो.

अधिवेशनाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. अशा अधिवेशनांत जे होते ते झाले. निबंध वाचायला पंधरा मिनिटे मिळणार होती ती नऊ झाली. माझा निबंध छापील निर्णयांच्या भवितव्याविषयी होता, आणि सभागृहातल्या बहुतेकांचे मत भवितव्य नाही असेच दिसले. दुसऱ्या दिवशी आयोजकांनी शहरातली विधी ग्रंथालये दाखविण्यासाठी बस ठेवली होती. तिच्यात आम्ही चाळीसेक ग्रंथपाल. ग्रंथपालांच्या सहलीइतकी शांत सहल दुसऱ्या कुठल्या व्यवसायाची नसेल. खिडकीबाहेर पाहतानाही मंडळी मनातल्या मनात वर्गीकरण करीत असावीत.

उच्च न्यायालयाचे लखनौ खंडपीठ २०१६ मध्ये कैसरबागेतली जुनी वास्तू सोडून गोमतीनगरच्या नव्या, अवाढव्य इमारतीत गेले. त्या इमारतीसमोर उभे राहिले की न्यायापेक्षा स्थापत्याचाच दबदबा अधिक वाटतो. आत मात्र मांडण्यांसमोर गेल्यावर मला ओळखीचे भेटले. १९२५ साली अवधला स्वतःचे चीफ कोर्ट मिळाले. तोपर्यंत तिथे ज्युडिशिअल कमिशनरचा कारभार होता. १९४८ साली हे चीफ कोर्ट अलाहाबादच्या उच्च न्यायालयात विलीन झाले. म्हणजे अवघे तेवीस वर्षांचे आयुष्य. पण या तेवीस वर्षांत त्याने लावलेला न्याय मोठा गुंतागुंतीचा होता. १८५६ साली इंग्रजांनी अवध खालसा केले, दुसऱ्याच वर्षी उठाव झाला, आणि १८५८ च्या मार्चमध्ये कॅनिंगने एका जाहीरनाम्याने जवळजवळ साऱ्या प्रांताची जमीन जप्त करून टाकली. मग तीच जमीन सनदा देऊन तालुकदारांना परत केली. १८६९ च्या अवध इस्टेट्स अॅक्टाने त्या तालुकदारांच्या याद्या केल्या. कुणाची गादी थोरल्याकडे जायची, कुणाची वाटली जायची, हे माणूस कोणत्या यादीत बसतो यावर ठरू लागले. पुढची ऐंशी वर्षे राण्या, दत्तकपुत्र, भाऊबंद हे सारे त्या याद्या घेऊन भांडत राहिले, थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत. आणि १ जुलै १९५२ रोजी जमीनदारी नष्ट झाली तेव्हा हा सगळा कायदा एका दिवसात निष्प्राण झाला.

एका यादीत नाव असणे म्हणजे काय, हे मला तिथे उभ्या उभ्या जरा जास्तच जाणवले.

त्याच खंडपीठाची एक गोष्ट मात्र निष्प्राण झालेली नाही. १९६४ साली गोरखपूरच्या केशवसिंग नावाच्या माणसाला विधानसभेने आपल्या अवमानाबद्दल तुरुंगात धाडले. लखनौ खंडपीठाच्या दोन न्यायमूर्तींनी, नसीरुल्ला बेग आणि सहगल यांनी, त्याला जामिनावर सोडले. तर विधानसभेने त्या न्यायमूर्तींनाच अटक करून सभागृहासमोर आणण्याचा ठराव केला! अलाहाबादचे अठ्ठावीस न्यायाधीश एकत्र बसले आणि त्यांनी त्या ठरावाची अंमलबजावणी थांबविली. प्रकरण राष्ट्रपतींमार्फत सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि त्यावरचे मत लिहिले ते साताऱ्याच्या गजेंद्रगडकरांनी. बसमधल्या एका केरळी सहकाऱ्याला मी हे जरा ऐटीने सांगितले. त्याने नम्रपणे विचारले, ‘ते पुस्तक तुमच्याकडे छापील आहे की पडद्यावर?’ मी उत्तर दिले नाही.

तेथून आम्ही कानपूर रस्त्याने राममनोहर लोहिया राष्ट्रीय विधी विद्यापीठात गेलो. या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला मधु लिमये यांचे नाव आहे. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण पुण्याच्या त्या माणसाचे नाव इतक्या दूर, नागरी अक्षरांत कोरलेले पाहताना चालता चालता मी थांबलो. लोहियांच्या नावाच्या विद्यापीठात लिमयांचे ग्रंथालय, ही गुरुशिष्यांची मांडणी मला आवडली. मौज अशी की लिमये वकील नव्हते. तुरुंग हेच त्यांचे विधी महाविद्यालय. गोव्याच्या सत्याग्रहात पोर्तुगीजांनी त्यांना बारा वर्षांची सजा ठोठावली, ती १९५७ साली सुटका होईपर्यंत दीडएक वर्ष त्यांनी भोगली. १९६८ साली लखीसरायच्या रेल्वेस्थानकावर त्यांना पकडले, तेव्हा अटकेची कारणे कुणी सांगितली नाहीत. त्यांनी कोठडीतून सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. त्या पत्राचीच याचिका झाली, ते सुटले, आणि अटकेची कारणे सांगण्याचे बंधन पोकळ नाही हे त्या निर्णयाने देशाच्या पोलिसांना ऐकविले. हा माणूस न्यायालयात पक्षकार म्हणून जाई आणि येताना कायद्याला एक नवे कलम लागल्यासारखे होई. १९७७ चा ‘मधु लिमये विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा निर्णय तर फौजदारी प्रक्रियेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. त्याचा संदर्भ सुप्रीम कोर्ट केसेसच्या त्या वर्षीच्या चौथ्या खंडात, पान ५५१ वर. आणि ही ग्रंथमाला १९६९ पासून निघते ती लखनौहून. नागपूर आणि लखनौ या दोन शहरांनी देशाला न्यायनिर्णय पुरवावेत, हा योगायोग कुठल्या तरी अभ्यासकाने नीट तपासला पाहिजे.

वाचनकक्षात मुले बसली होती. बहुतेकांसमोर संगणक उघडा होता, आणि खंड मांडण्यांवर स्वच्छ, रांगेत, एकही पाठ न उसवलेले असे उभे होते. मी मुद्दाम चौथा खंड काढून पान ५५१ उघडले. ते नवे कोरे होते. मला वाईट वाटायला हवे होते, पण तसे वाटले नाही. शेजारची मुलगी तोच निर्णय पडद्यावर वाचीत असेल, कोण जाणे. आणि लिमयांना पान मळण्यापेक्षा तेच अधिक आवडले असते.

म्हणजे सही करायला हरकत नव्हती. बसमध्ये परतताना मी तसे जवळजवळ ठरविलेही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मंडळी चिकनचे कपडे घ्यायला अमीनाबादेत गेली. मला एका स्थानिक ग्रंथपालाने कैसरबागेतल्या एका वृद्ध वकिलांचा पत्ता दिला होता. त्यांच्याकडे जुन्या अवधचा खासगी संग्रह आहे, म्हणाला. गल्लीतले जुने घर, दाराशी तुळशीची कुंडी, आणि आत तीन भिंतींना पुस्तके. वकीलसाहेबांनी वकिली सोडून बरीच वर्षे झाली होती. त्यांनी आधी पाणी दिले, मग चहा, मग माझे नाव विचारले. कामाचे विचारायला त्यांना पाऊण तास लागला. मी वऱ्हाडातून आलो असे म्हणताच ते उठले, भिंतीला धरून मांडणीपर्यंत गेले आणि एक खंड काढून त्यांनी माझ्या हातात दिला. ‘आप तो नागपुर की तरफ़ के हुए। देखिए, यह भी उधर ही की है।’

ए. आय. आर., १९२७, अवध विभाग.

हा खंड मला ओळखू येतो. आमच्या प्रतीत एका ठिकाणी बापूंनी निळ्या कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे. वकीलसाहेबांनी त्यांना ते पान दाखविले होते. काकोरी खटल्यावरील अपिलाचा हा निर्णय. ९ ऑगस्ट १९२५ ला काकोरीजवळ आगगाडी थांबवून क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. खटला लखनौच्या रिंग थिएटरात चालला; हजरतगंजात त्या जागी आता मुख्य टपाल कचेरी आहे. ६ एप्रिल १९२७ ला निकाल लागला. अपील चीफ कोर्टापुढे गेले, सर लुई स्टुअर्ट आणि मोहम्मद रझा यांच्यापुढे, आणि ऑगस्टमध्ये फेटाळले गेले. डिसेंबरात राजेंद्रनाथ लाहिरी, रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खान आणि रोशनसिंग यांना चार निरनिराळ्या तुरुंगांत फाशी दिले. ही नावे सगळ्यांना ठाऊक आहेत. दहा वर्षांची सजा झालेला आणखी एक जण होता, रामकृष्ण खत्री. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातला, चिखलीचा. साधू होऊन उत्तरेत गेलेला हा मराठी तरुण क्रांतिकारकांत सामील झाला, सजा भोगून बाहेर आला आणि पुढे लखनौलाच राहिला. १९९६ साली लखनौतच त्यांचे निधन झाले.

मी पान शोधू लागलो. वकीलसाहेब म्हणाले, ‘किसे ढूँढ रहे हैं?’ मी नाव सांगितले. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, की खत्रीजींना त्यांनी पाहिले होते. या शहरात त्यांना न ओळखणारा जुना माणूस नव्हता. नाव सापडले. इंग्रज न्यायाधीशाच्या कोरड्या भाषेत पुराव्याची चिकित्सा होती. पडद्यावरही हाच मजकूर, शब्दन् शब्द असाच, मला हवा तेव्हा मिळतो. मी तो पूर्वी वाचलाही आहे. तरी नागपुरात जुळवलेले ते खिळे, कैसरबागेत लागलेला तो निकाल आणि चिखलीचे ते नाव एका कागदावर हाताखाली आले तेव्हा मी बराच वेळ पान उलटले नाही. याचे समर्थन मला निबंधात करता आले नसते. नऊ मिनिटांत तर नाहीच.

मग मी वकीलसाहेबांना यादीविषयी सांगितले. का सांगितले कोण जाणे. बहुधा ते परके होते म्हणून. त्यांनी उपदेश केला नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा वकील आहे, तो या खोलीत फक्त त्यांना जेवायला बोलवायला येतो, असे हसत म्हणाले. तालुकदारीच्या कायद्यावरचे अर्धे कपाट त्यांनी स्वतःच काढून टाकले होते. मग ते खालच्या मांडणीकडे वाकले आणि एक मोकळी फट त्यांनी मला दाखवली. १९३१. दोन पावसाळ्यांपूर्वी वाळवीने तो खंड आतून पोखरला. वरचे आवरण तेवढे शिल्लक राहिले. ‘आपकी फ़ेहरिस्त में इकतीस है?’

यादी पिशवीतच होती. १९३१ होते, क्रमांक १८८.

पण निर्लेखित पुस्तक कुणाला उचलून देता येत नाही. समिती, निविदा, वजन, पावती असा रस्ता आहे, आणि तो मीच इतरांना शिकवला आहे. रद्दीवाल्याने बोली लावायची, मग त्याच्याकडून मी विकत घ्यायचे. २९ खंडांचे वजन पन्नास किलोच्या आसपास भरेल. रद्दीचा भाव, वर वाहतूक. हिशेब फार मोठा नव्हता. अडचण ती नव्हती. बाईसाहेबांना ‘हो’ म्हटले होते ते खंड आमच्याकडे राहतील या अर्थाने, आणि बापू दर खेपेला विचारतात ते ‘आपले खंड’ म्हणून.

वकीलसाहेबांना मी कळवतो म्हटले. ते दारापर्यंत पोचवायला आले. १९३१ चा उल्लेख त्यांनी पुन्हा केला नाही.

रात्री अतिथिगृहावरून मी बुलढाण्याला फोन लावला. बापूंना ऐकायला कमी येते, म्हणून धाकट्या भावाने फोन त्यांच्या कानाशी धरला. मी आधी हवापाण्याचे बोललो. मग एका दमात सगळे सांगून टाकले: जागा नाही, २१४ खंड जाणार आहेत, सही माझी आहे, आणि इथे लखनौला एक म्हातारे वकील आहेत, त्यांना अवधचे खंड हवे आहेत, बाकीचे मात्र वाचवता येतील असे वाटत नाही. पलीकडून काही ऐकू येईना. फोन बंद पडला असे वाटून मी दोनदा ‘बापू, बापू’ म्हटले.

‘ऐकतोय,’ ते म्हणाले. ‘अवधचे सगळे घेतात का ते?’

‘सगळे नकोत म्हणाले तरी मी सगळे पाठवीन.’

‘पाठव. तिकडचंच होतं ते.’ पुन्हा थोडा वेळ गेला. ‘लाहोरचे कोण घेईल रे?’

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मी म्हटले, ‘बघतो.’

‘बघ. आणि ऐक, एकतीसचा खंड पाठवायच्या आधी उघडून बघ. मधे एक फर्मा सुटा आहे. मी खळ लावली होती, पण त्या साली पाऊस फार होता, नीट वाळली नाही. तसाच पाठवू नको.’